तुम्ही विचारलंत म्हणून: आयटीआयचे प्रमाणपत्र असताना कंपनी पुन्हा परीक्षा का घेते?

निकाल लागला की पालक कार्यशाळेच्या दारात येऊन मला हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, पोरगं पास झालंय, सर्टिफिकेटही मिळालंय, मग कंपनीवाले परत वेल्डिंग करून दाखवायला का सांगतात? या कागदाला काही किंमत नाही का?" मी संधाता, म्हणजे वेल्डर, या व्यवसायाचा शिल्पनिदेशक आहे आणि या प्रश्नामागची काळजी मला कळते. मुलाला कॉलेजात न घालता इकडे पाठवताना त्या घराने पुष्कळ विचार केलेला असतो आणि नातेवाइकांचे बोलणेही ऐकून घेतलेले असते. म्हणून दारात उभ्या उभ्या देता येत नाही ते उत्तर इथे सविस्तर लिहितो.

प्रमाणपत्राला किंमत आहे, मात्र ते नेमकी कशाची ग्वाही देते हे समजून घ्यायला हवे. केंद्र सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. तिच्याखाली शिकलेल्या मुलाची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनटीसी म्हणतात, ते मिळते. लेखी विषयांची परीक्षा आता संगणकावर होते, प्रात्यक्षिक कार्यशाळेत होते. लेखी विषयांत उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के गुण पुरतात, पण प्रात्यक्षिकात आणि वर्षभराच्या मूल्यमापनात किमान ६० टक्के मिळवावेच लागतात. हाताच्या कामाला झुकते माप देणारा हा नियम मला योग्य वाटतो. मुलाने गॅस कटिंग आणि आर्क, मिग, टिग या वेल्डिंगच्या पद्धती हाताळल्या आहेत, त्याला जॉबचे, म्हणजे करायच्या कामाचे, ड्रॉइंग वाचता येते आणि सुरक्षिततेचे नियम त्याला ठाऊक आहेत, एवढे एनटीसी सांगते. अमुक जाडीच्या, अमुक धातूच्या पाइपवर आज त्याचा हात कसा चालतो, हे ते सांगत नाही, आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

वर्षभराच्या मूल्यमापनाविषयी पालक क्वचितच विचारतात, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. अभ्यासक्रमाने त्याचे निकष बारकाईने लिहून ठेवले आहेत. कामाची अचूकता तर पाहायचीच, शिवाय मुलगा सुरक्षिततेचे भान ठेवतो का, माल वाया घालवतो का, इतरांबरोबर नीट काम करतो का, नियमित येतो का, हेही पाहायचे. अधूनमधून मार्गदर्शन लागले तर गुण ६० ते ७५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहतात, जवळजवळ न सांगता जमले तरच ९० च्या वर जातात. ही नोंद प्रत्येक जॉबनंतर त्याच दिवशी झाली तर निदेशकाला आणि मुलाला दोघांनाही कळते की गाडे कुठे अडले आहे. तीच नोंद वर्षअखेरीस एका बैठकीत भरून टाकली तर सगळ्यांचे गुण एकसारखे दिसतात आणि त्यातून कोणालाच काही शिकायला मिळत नाही. असे घडते हे मी नाकारणार नाही, आणि ते मला मनापासून खुपते.

मूल्यमापनातून शिकणे म्हणजे काय, हे बेंड टेस्टच्या, म्हणजे जोड वाकवून तपासण्याच्या, उदाहरणाने सांगतो. दहा मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या दोन प्लेटा कडांना व्ही आकाराची खाच (व्ही-ग्रूव्ह) करून जोडायच्या, जोडावरून आडवी पट्टी कापायची, वरचा आणि खालचा उंचवटा ग्राइंडरने सपाट करायचा आणि प्रेसखाली धरून ती पट्टी यू आकारात वाकवायची. एका मुलाचे कॅपिंग, म्हणजे जोडाचा सर्वांत वरचा थर, वर्गात सर्वांत देखणे होते, लहरी अगदी एकसारख्या. रूट, म्हणजे जोडाचा तळ, बाहेरच्या बाजूला ठेवून त्याची पट्टी वाकवली, तेव्हा मधोमध बारीक चीर उघडली. मी त्याला काही न सांगता उरलेली प्लेट हातात दिली आणि रॉड कुठे बदलला होता तिथे खडूने खूण करायला सांगितले. खूण बरोबर चिरेच्या रेषेत आली. जुना रॉड संपला तिथला खड्डा ग्राइंड करून उतरता न करताच त्याने नवा रॉड लावला होता, त्यामुळे तिथे धातू मुळापर्यंत वितळलाच नव्हता. त्या दिवसानंतर ग्राइंडर हाती घेतल्याशिवाय त्याने रॉड बदलला नाही. कितीही गुण कापले असते तरी एवढे शिकवून झाले नसते.

आता कंपनीकडे वळतो. दाबाखालच्या टाक्या आणि पाइपांच्या कामासाठी जगभर एएसएमई या अमेरिकी संस्थेची संहिता वापरली जाते आणि तिच्या नवव्या विभागात वेल्डरच्या पात्रता परीक्षेचे नियम आहेत. प्रत्येक वेल्डरची पात्रता तपासण्याची जबाबदारी त्या नियमांनी काम करून घेणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. मुलगा कोणत्याही नामवंत संस्थेतून आला असला तरी ही परीक्षा कंपनीला घ्यावीच लागते, त्यात आयटीआयवरचा अविश्वास नसतो. त्यातली सिक्स-जी ही परीक्षा सर्वांत अवघड मानली जाते. पाइप ४५ अंशांत तिरपा पक्का बसवलेला असतो, तो फिरवता येत नाही, त्यामुळे वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरून खालून, बाजूने आणि वरून जोड भरावा लागतो. त्या पाइपातून चार पट्ट्या कापून वाकवतात किंवा त्याऐवजी एक्स-रे काढतात. वाकवलेल्या पट्टीवर ३ मिलिमीटरहून मोठी उघडी चीर दिसली की नमुना बाद होतो.

पालकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटते ते पुढच्या नियमाचे. ज्या पद्धतीने कंपनीची परीक्षा दिली त्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केले नाही तर ही पात्रता संपते. एनटीसी जन्मभर टिकते, ही मात्र सराव चालू असेपर्यंतच टिकते. मला हा नियम न्याय्य वाटतो, कारण वेल्डरचा हात खरोखरच सुटतो, आणि बॉयलरच्या जोडाशेजारी माणसे उभी राहून काम करत असतात. बॉयलरच्या कामाला आपल्याकडे भारतीय बाष्पक विनियम, १९५० लागू होतात आणि त्यांच्याखाली वेल्डरला वेगळी परीक्षा द्यावी लागते. ते प्रमाणपत्र असलेल्या मुलाला कामाच्या साइटवर निराळा मान असतो, म्हणून ज्याचा हात बसला आहे त्याला मी तिकडे जायला आवर्जून सांगतो.

अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांबद्दलही पालक विचारतात. त्यांतली काही चांगली आहेत, पण एकापाठोपाठ एक कागद गोळा करण्याने नोकरी मिळत नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाची परीक्षा शिकवणाराच घेतो की बाहेरचा परीक्षक, परीक्षेत प्रत्यक्ष जोड करून तपासतात की नुसते प्रश्न सोडवून घेतात, आणि तो अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात नोंदलेला आहे का. हा आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचे काम आता राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. या तीन प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत नसतील तर त्या पैशात मुलाला चांगले हेल्मेट आणि हातमोजे घेऊन द्यावेत आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एखाद्या कारखान्यात जागा शोधावी. तिथे सराव होतो, विद्यावेतन मिळते आणि अखेरीस त्याचेही राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

माझे एक मागणे कंपन्यांकडे आहे. आमचा मुलगा तुमच्या टेस्टमध्ये बाद होतो तेव्हा तो फक्त "रिजेक्ट झालो" एवढेच सांगत परत येतो. कोणत्या पोझिशनमध्ये, रूटमध्ये की कॅपमध्ये, पोरॉसिटी (धातूत वायूची छिद्रे) होती की स्लॅग (वितळलेला मळ) अडकला होता, हे तुमच्या निरीक्षकाच्या कागदावर लिहिलेले असते. त्या कागदाची एक प्रत संस्थेकडे पाठवली तर पुढच्या बॅचच्या जॉबांत आम्हाला तेवढा बदल त्याच आठवड्यापासून करता येईल.