दोन भिंगांची दुर्बीण आणि रोझेट तेजोमेघ

पहिल्या फोटोत मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, आला खरा, पण प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळं कडं होतं. माझी दुर्बीण साधी आहे: ७२ मिमी व्यास, ४०० मिमी नाभीय अंतर, दोन भिंगांची अ‍ॅक्रोमॅट. तेजोमेघांचे फोटो हे असल्या दुर्बिणीचं काम नाही, असं मला आधीच सांगितलं गेलं होतं. तो फोटो पाहून मलाही ते पटू लागलं.

मग ही भिंगं असं का करतात ते मुळापासून वाचलं. भिंगांची ही जोडी दोनच रंग एका बिंदूवर आणते, साधारणपणे ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ४८६चा निळसर. जांभळा प्रकाश त्या बिंदूवर जुळत नाही, पसरतो, कडं त्याचंच. आणि तेजोमेघांचा प्रकाश? हायड्रोजनचा लाल नेमका ६५६वर, ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५०१वर. मला हवे असलेले दोन्ही रंग ही दुर्बीण जवळजवळ एकत्र आणतच होती! अडचण फक्त नको असलेल्या प्रकाशाची होती.

तेवढे दोनच पट्टे आत सोडणारा फिल्टर लावला आणि कडी गेली. (कॅमेऱ्यातला मूळ फिल्टर हा लाल प्रकाश बराचसा अडवतो, तो मी आधीच काढून घेतला होता.) पण आता प्रकाश इतका कमी झाला की ३० सेकंदांच्या जागी १८० सेकंदांची फ्रेम (एकेक फोटो) लागू लागली. तेवढ्या वेळात खगोलीय विषुववृत्ताजवळचं आकाश पूर्णचंद्राच्या रुंदीच्या दीडपट सरकतं. माउंटचा, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधाराचा, अक्ष ध्रुवाकडे साधून, गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माग सुधारत राहणं) लावूनही तारे लांबट येत होते, आणि तेही सगळे एकाच दिशेला. महिनाभर मी माउंटलाच दोष देत राहिले. शेवटी सापडली ती लोंबणारी केबल. दुर्बीण वळत गेली की ती हळूच ओढ देत होती. सगळ्या केबल नळीला बांधल्या आणि तारे गोल झाले.

फोकसला मात्र अजूनही सगळ्यात जास्त वेळ देते. बाख्तिनोव्ह मास्क (ताऱ्यावर तीन रेघा पाडणारी खाचांची जाळी) लावून, फिल्टर आत ठेवूनच, मधली रेघ बरोबर मध्यावर येईपर्यंत. रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून दर तासाला पुन्हा पाहते.

मग रोझेट. मृगातल्या लालसर काक्षी ताऱ्यापासून प्रश्वा ताऱ्यापर्यंत मनात रेघ ओढली, तर एक तृतीयांश अंतरावर, थोडा दक्षिणेला. एका फ्रेममध्ये दिसलं ते जेमतेम धुरकट वलय. ६० फ्रेम घेतल्या, म्हणजे तीन तास. फ्रेम चौपट केल्या की जोडलेल्या चित्रातला गोंगाट (दाणेदार खरखर) निम्मा होतो, त्यामुळे तिथे घाई चालत नाही. पहाटे नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग वजा करायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो, घेतले. आधीच्या एका रात्री ते टाळले होते, तर धुळीच्या चकत्या तेजोमेघावरच उमटल्या होत्या.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जोडून उजळवलं आणि मधली पोकळी उघडली. तिथल्या तरुण ताऱ्यांच्या वाऱ्यांनी कोरलेली, आत निळसर, बाहेर लाल, आणि लालीवर काळ्या धुळीचे बारीक ठिपके. पाच हजार प्रकाशवर्षांवरचे ते ठिपके दोन भिंगांतून आले होते. मी बराच वेळ नुसती पाहत बसले.

कोपऱ्यातले तारे अजून ताणलेलेच दिसतात. फील्ड फ्लॅटनर (कडेचे तारेही नीट फोकसमध्ये आणणारं जास्तीचं भिंग) मिळेपर्यंत कडा कापून टाकते.