बाण नको, वाट सांगा

'ऑब्लिव्हियन तुम्हाला का नाही आवडला?' हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातोय. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या व्हिडिओ गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती आली आणि विचारणारे आणखी वाढले. त्याच्या आधीचा, २००२ मधला मॉरोविंड माझा जीव की प्राण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग त्याच 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला पुढचा, २००६ चा, दिसायला कितीतरी देखणा गेम मनातून का उतरला? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

मॉरोविंडमध्ये तुम्ही कैदी म्हणून सेयडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर उतरता. तिथे तुमच्या हातात एक टपाल देतात आणि सांगतात, बाल्मोराला जा, कायस कोसाडेस नावाच्या माणसाला भेट. त्याचं घर कुठे? साउथ वॉल नावाचा गुत्ता आहे, तिथे विचार. बस्स, एवढंच. स्क्रीनवर बाण नाही, नकाशावर ठिपका नाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या, भेटेल त्याला थांबवून विचारायचं.

मी दोनशेपानी वही उघडी ठेवून खेळायचो. गेममधली रोजनिशी दिवसामागून दिवस भरत जायची, त्यात मागचं काही सापडणं मोठं जिकिरीचं. म्हणून कोण काय म्हणालं ते वहीत: पूल ओलांड, नदी डाव्या हाताला ठेव, फाटा लागला की वर चढ. आपल्याकडे गावात पत्ता सांगतात ना, तस्सं. कधी सांगणारा चुकायचाही. मग अख्खी संध्याकाळ भलत्याच डोंगरात जायची, आणि तिथे एखादी न शोधलेली गुहा सापडायची.

त्या बंदराबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर किंकाळी ऐकू येते आणि आकाशातून एक माणूस तुमच्यासमोर धपकन पडून मरतो. त्याच्याजवळ रोजनिशी आणि तीन मंतरलेल्या गुंडाळ्या सापडतात. गुंडाळी वाचली की सात सेकंदांपुरती उडी मारायची अफाट ताकद येते. मी वाचली, उडी मारली, अर्धं बेट पायाखालून गेलं, आणि उतरताना त्याच्यासारखाच मेलो. ताकद सात सेकंदांची, पडायला वेळ त्याहून जास्त. जमिनीला टेकायच्या आत दुसरी गुंडाळी वाचायची, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. ते माझं मला सुचलं, तो आनंद आजही तसाच आठवतो.

पुढे एक गुहा शोधायची असते. भटक्या टोळीकडून एक कोडं मिळतं: सुईचं नेढं, वाऱ्याचे दात, मोत्याची कातडी. त्यावरून दरी ओळखायची, पांढरा खडक ओळखायचा. दार फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला उघडतं. मी भर दुपारी पोहोचलो होतो. तिथेच बसून ऊन कलायची वाट पाहिली.

ऑब्लिव्हियनमध्ये काम मिळालं की होकायंत्रावर बाण येतो. गुहा, घर, कपाटातलं पुस्तक, काहीही असो, बाण थेट तिथवर नेतो. मोठी शहरं तर पहिल्या दिवसापासून नकाशावर असतात. क्लिक केलं की पोहोचलात. मॉरोविंडमध्ये लांब जायचं तर एका अजस्र किड्याच्या पाठीवर बसून जायचं, पुढे नाव पकडायची, उरलेलं अंतर पायी. ऑब्लिव्हियनमध्ये हवेत तरंगायचा मंत्र गेला. भाले गेले. २७ कौशल्यांची २१ झाली, त्यानंतरच्या स्कायरिममध्ये तर १८. महत्त्वाची माणसं मरेनाशी झाली. मॉरोविंडमध्ये मारता यायची, आणि भविष्यवाणीचा धागा तुटला, आता या बरबाद जगात राहा किंवा मागे जा, असं गेम बजावायचा. वर, तुमची पातळी वाढेल तशी शत्रूचीही वाढते. रस्त्यात अडवून शंभर नाणी मागणारा साधा वाटमाऱ्या पुढे पुढे राजालाही परवडणार नाही अशा काचेच्या चिलखतात उभा असतो. आपण मोठे झालो, हे मग कळायचं कशावरून?

त्यातलं चांगलं ते चांगलंच. स्किनग्रॅडच्या वाड्यात पाच पाहुण्यांना एकेक करून मारायचं काम मालिकेतल्या सर्वोत्तम कामांपैकी आहे, ते मी तीनदा खेळलोय.

'मग बाणाकडे बघू नका ना!' असं बरेचजण सुचवतात. करून पाहिलं. चालत नाही, कारण तिथली माणसं वाटच सांगत नाहीत. अमुक गुहेत जा म्हणतात आणि गप्प होतात. मला वाटतं, प्रत्येक वाक्य नटांकडून बोलून घ्यायचं ठरलं तिथेच हे झालं. मॉरोविंडमधली माणसं बहुतेक लिखित बोलायची, त्यामुळे ओढा, फाटा, खडक सगळं सविस्तर सांगायला त्यांना जागा होती. बाण असल्यावर ते सांगायची गरजच राहिली नाही. सोपं झालं याचं मला दुःख नाही. ज्या माणसांना मी वाट विचारत होतो, ती सांगेनाशी झाली, याचं आहे.

नव्या आवृत्तीत झाडं, पाणी, चेहरे सुरेख झालेत. बाण आहे तसाच आहे.

कुणाला मॉरोविंड सुरू करायचा असेल तर वही जवळ घ्या. आणि तो माणूस आकाशातून पडला की गुंडाळ्या उचला, पण एक गुंडाळी उतरण्यासाठी राखून ठेवा.