तुम्ही विचारलंत म्हणून: दोष ग्रंथाचा की वाचणाऱ्याचा?

धर्मग्रंथांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: हिंसा ग्रंथातच असते, की अर्थ लावणाऱ्यांच्या डोक्यात? एका बाजूचं उत्तर मला देववत नाही. सॅम्युएल स्यूअल हा सतराव्या शतकातल्या अमेरिकेतला न्यायाधीश आडवा येतो.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, चेटकिणीला जिवंत ठेवू नये अशी सरळ आज्ञा आहे. ती वाचल्यावर 'ग्रंथ निर्दोष, माणसंच वाईट' असं म्हणणं मला पळवाट वाटते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीच्या १६४१च्या कायद्यात चेटकाला देहदंड होता आणि आधार म्हणून हीच ओळ दिलेली होती. १६९२मध्ये याच वसाहतीतल्या सेलमला चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं. त्या न्यायासनावर स्यूअल होता.

पण चेटकीण ओळखायची कशी, हे ती ओळ सांगत नाही. ते माणसांनी ठरवलं. 'हिची छाया येऊन माझा गळा आवळते' असं कुणी म्हटलं, की ती छाया दुसऱ्या कुणाला दिसो न दिसो, कोर्टात पुरावा म्हणून चालायची. पुढच्या वर्षी नव्या कोर्टाने असा पुरावा मानायचं सोडलं आणि बहुतेक आरोपी सुटले. ग्रंथातला एक शब्दही बदलला नव्हता! म्हणून मला आधी विचारावंसं वाटतं, की त्या ओळीच्या हाती दोर कुणी दिला, पुरावा कुणी मानला, सही कुणी केली.

जानेवारी १६९७मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये स्यूअलने एक कागद धर्मोपदेशकाच्या हाती दिला. वाचन संपेपर्यंत तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि संपल्यावर झुकला. सेलमच्या खटल्यांचा दोष आणि लाज आपल्या माथी घेतो, असं त्यात होतं. ग्रंथाकडे त्याने बोट दाखवलं नाही. मला तो माणूस इथे फार मोठा वाटतो.

१७००मध्ये त्यानेच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. आधार पुन्हा 'निर्गम'चाच: माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड. चेटकिणीच्या ओळीच्या जेमतेम एक अध्याय आधी हे वाक्य येतं. पुढच्याच वर्षी जॉन सॅफिन या गुलामांच्या मालकाने त्याला छापील उत्तर दिलं, गुलामगिरीच्या बाजूने. त्यानेही बायबलचेच दाखले दिले. गुलाम बाळगायची मुभा देणारी वचनं बायबलमध्ये आहेतच. सॅफिनला ती पदरची घालावी लागली नाहीत.