सरळ रेषा आधी की वक्र?

लहान मुलांना रेषांचे प्रकार शिकवताना सुरुवात सरळ रेषेपासून करावी की वक्र रेषेपासून, असा प्रश्न पालक आणि नवे शिक्षक मला वारंवार विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: या क्रमाचा बराचसा भाग मुलाच्या हातानेच ठरवलेला असतो. दीड वर्षाच्या सुमारास हाती खडू आला की मूल गिरगटू लागते, आणि त्या गिरगटण्यात खांद्यातून फिरणाऱ्या हाताची वेटोळी नि हेलकावे असतात. समोरचे पाहून काढण्याची वेळ येते तेव्हा उभी रेषा साधारण दोन वर्षांच्या आसपास जमते, त्यानंतर आडवी, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ, चौथ्याच्या आसपास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. एखादे मूल यात मागेपुढे असतेच.

त्रिकोण इतका उशिरा येतो तो तिरप्या रेषेमुळे. उभ्या आणि आडव्या रेषेला कागदाच्या कडेचा आधार मिळतो, कारण ती कडेला समांतर धावते. तिरपीला असा सोबती नसतो, शिवाय हाताला एकाच वेळी खाली आणि बाजूला सरकावे लागते. कोरा कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दुमडून उलगडला की मधोमध घडीची खूण उमटते. त्या खुणेवरून आधी बोट, मग खडू फिरवायला सांगावे आणि पुढचा कागद बिनघडीचा द्यावा. तिरपी रेषा समजावून सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा हा उपाय मला अधिक खात्रीचा वाटतो.

उभ्या रेषेचा घोळ मात्र आपणच घालतो. कागद टेबलावर पसरलेला असतो आणि आपण ‘वरून खाली’ म्हणतो, पण मुलाच्या दृष्टीने तिथे वर-खाली काहीच नसते. खडू फक्त पलीकडून अंगाकडे येतो. तोच कागद मुलाच्या खांद्याच्या उंचीला भिंतीवर चिकटवला की उभी रेषा खरोखर उभी होते. टाचा उंचावून वर टेकवलेला खडू मूल गुडघे वाकवत पार खालपर्यंत ओढत नेते, आणि त्या ओढीत रेषा कुठे जाड, कुठे पुसट झाली हे त्याला समोरच दिसते. जाड आणि पुसट हे भेद मला नावांइतकेच महत्त्वाचे वाटतात, तरीही तक्त्यांवर सगळ्या रेषा एकाच जाडीच्या छापलेल्या असतात.

नावे अवश्य सांगावीत, पण रेषा काढून झाल्यावर. तुटक, नागमोडी, वेटोळी हे शब्द मुले सहज उचलतात. तुटक ठिपक्यांवरून गिरवण्याचे सराव-कागद अक्षरवळणासाठी ठीक आहेत; त्यांना चित्रकला म्हणू नये. चित्रकार पॉल क्ले १९२१ ते १९३१ या काळात जर्मनीतील बाउहाउस कलाशाळेत शिकवत होता आणि रेषेकडे तो चालत्या बिंदूसारखे पाहत असे. बिंदू चालतो म्हटल्यावर तो भरभर चालू शकतो, अडखळू शकतो, मध्येच थांबू शकतो, हे चार वर्षांच्या मुलालाही पटते.

चित्रे दाखवायची असतील तर व्हॅन गॉगचे १८८९ मधील ‘तारांकित रात्र’ हे चित्र घ्यावे. त्यातील आकाश ब्रशच्या छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी भोवऱ्यासारखे फिरते, डावीकडचे सुरूचे झाड वळवळत वर चढते आणि खाली गावातील घरांच्या भिंती मात्र बऱ्याच सरळ आहेत. छापील प्रतीवरून मुलांना बोट फिरवू द्यावे. बोट कुठे वेगाने फिरले आणि कुठे मंदावले, एवढेच विचारावे. ‘नागमोडी म्हणजे शांत, टोकदार म्हणजे रागीट’ असे ठरलेले उत्तर आपण पुरवू नये, कारण एखाद्या मुलाचा राग गोल गोलच फिरत असतो.

पट्टीविषयीही बरेच जण विचारतात. रचनाचित्रात भौमितिक आकार येऊ लागले की ती द्यावी. त्याआधी दिली तर मूल स्वतःच्या हाताच्या रेषेला वाकडी ठरवून खोडरबर मागू लागते.