औषधांची पिशवी सोबत न्या

काकांना पेम्फिगस झाला, म्हणजे अंगावर फोड आणणारा त्वचेचा आजार. आधी तोंडात फोड, मग पाठभर. पाण्याचा घोट गिळवेना. त्वचारोगतज्ज्ञांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, रोज 60 मिलिग्रॅम. फोड सुकू लागले, पण काका बदलले.

एरवी मोजकंच बोलणारा माणूस. ते पहाटे तीनला उठून माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासत बसायला लागले. दिवसभर फोन. झोप नाही, तरी थकवाही नाही. शेत विकून लाकडी तेलघाणा काढायचा म्हणून इसार घ्यायला निघाले. काकू आडव्या आल्या तर हातातली फाईल भिंतीवर भिरकावली. वयाच्या 61व्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा.

एका ठिकाणी झटपट ‘बायपोलर’ लिहून मिळालं, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य आणणारा मानसिक आजार. नात्यातल्यांनी बाहेरचं काही असेल म्हणून गुरव गाठायला सांगितलं. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मात्र आधी विचारलं, “सगळ्या गोळ्या आणल्यात का?” काकूंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. गोळी कधी सुरू झाली आणि झोप कधी उडाली, हे बाईंनी कागदावर शेजारी-शेजारी लिहिलं. मध्ये आठवडाही नव्हता.

स्टेरॉइडनं असं होतं, हे जुनंच ज्ञान आहे. 1972 सालच्या बोस्टनच्या पाहणीत रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (याच जातीचं स्टेरॉइड) घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्के रुग्णांना मानसिक त्रास झाला. 80 च्या वर तोच आकडा 18.4 टक्के. थायरॉइडची गोळी जास्त झाली, पार्किन्सनची लेव्होडोपा असली, तरीही माणूस असा उधळू शकतो. नैराश्याच्या गोळीनंही होतं, पण तिथे खरा बायपोलर आधीपासून दबून असू शकतो, म्हणून डॉक्टर पुढेही लक्ष ठेवतात.

चुलतभाऊ म्हणाला, आजपासून गोळी बंद. बाईंनी त्याला ठामपणे थांबवलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. डोस पायरी-पायरीनं उतरवला, जोडीला फोडांसाठी अझाथायोप्रिन, रात्री मन शांत करायला थोडं ओलान्झापिन. काही आठवड्यांत काका पूर्ववत झाले. डोस उतरताना मधे काही दिवस उदास होते, तेही बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

लग्नकार्यात अजून कुणीतरी कुजबुजतं, “यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता ना?” मला फार लागतं ते. काकू मात्र सरळ औषधाचं नाव आणि डोस सांगतात.