१७ नंबरची खिडकी

गुहागरचे तीन दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. समुद्र, सुरूचं बन, व्याडेश्वराचं दर्शन आणि दुपारची गाढ झोप. लिहायचंय ते परतीच्या एसटीबद्दल, कारण त्या दिवशी मी जे वागले ते अजून मनातून जात नाहीये.

थेट पुण्याच्या गाडीचं आरक्षण मिळालं नव्हतं. म्हणून चिपळूण गाठलं आणि तिथून दुपारच्या स्वारगेट गाडीच्या दोन जागा घेतल्या, १७ आणि १८. रविवार, त्यात लग्नसराई. गाडी फलाटाला लागते न लागते तोच लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आत टाकायला लागले. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गर्दी वाढलीय, आणि मला ती मनापासून आवडते. एकटीने माहेरी नाहीतर देवाला निघालेल्या इतक्या बायका मी पूर्वी एसटीत पाहिल्या नव्हत्या.

आत शिरलो तर १७ वर एक आजी बसलेल्या. नऊवारी, मांडीवर कापडी पिशवी.

"आजी, ही आमची जागा आहे. रिझर्वेशन आहे."

"मला गाडी लागते गं. कोयनेपर्यंतच जायचंय."

लेक सकाळपासून खिडकीसाठी हटून बसलेली, मी घामाघूम, मागून लोक ढकलतायत. मी मोबाइलवरचं तिकीट त्यांच्यासमोर धरलं. त्या एक शब्द न बोलता उठल्या. कंडक्टरने दाराजवळची आपली जागा त्यांना दिली आणि स्वतः उभ्या-उभ्या तिकिटं काढली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, तरी मशीनमधून तिकीट निघतंच, शून्य रुपयांचं. आजींनी आधार कार्ड दाखवून ते घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि बांगडीत खोचून ठेवलं. मी सगळं बघत होते. नियमाने मी बरोबर होते, पण एकदा त्यांच्याकडे नजर गेली की परत खिडकीबाहेर बघवेना.

पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाला उभी माणसं एकमेकांवर कलंडत होती. आजींनी पदर तोंडाशी धरला. चेहरा पांढराफटक पडलेला. मी उठले, हाताला धरून त्यांना आणलं, लेकीला मांडीवर घेतलं आणि १७ वर बसवलं. काच अर्ध्यात अडकलेली. शेजारी उभ्या असलेल्या एका पोराने हिसका देऊन ती सरकवली. वारा तोंडावर आला तशा त्या जरा सावरल्या. पिशवीतून आवळा सुपारी काढली, थोडी स्वतःच्या तोंडात टाकली, थोडी लेकीच्या तळहातावर ठेवली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"पोराबाळांना खिडकी लागतेच की."

घाट चढून आल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. लग्न होऊन कोयनानगरला आल्या तेव्हा मालक धरणावर कामाला होते. मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. "आधी भांडी वाजली. मला वाटलं, मांजर आलं." नंतर भिंत आली. ह्यांनी ओढून बाहेर काढलं म्हणून त्या वाचल्या, शेजारच्या बिऱ्हाडातली दोन मुलं गेली. थंडीत कितीतरी रात्री सगळे उघड्यावर झोपले. कोयनेचा भूकंप मी शाळेत चार ओळींत पाठ केला होता, मार्कांपुरता. भांड्यांचा आवाज त्या चार ओळींत कुठेच नव्हता.

"ती बघ, तिथं आमची खोली होती." मी त्यांच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. नुसती झाडी. त्या मात्र गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या. गाडी लागते हे खरंच होतं, पण खिडकी त्यांना ह्याच्यासाठीही हवी होती.

कोयनानगरला कंडक्टर पिशवी घेऊन स्वतः खाली उतरला. आजी रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या, कुणीतरी पुढे येऊन त्यांचा हात धरला, तेव्हा कुठे त्याने डबल बेल दिली. इतक्या भरलेल्या गाडीत एकानेही "चला मास्तर, उशीर होतोय" म्हटलं नाही.

पाटण, उंब्रज, सातारा, खंबाटकीचा बोगदा, स्वारगेट. लेकीला म्हटलं, बस आता खिडकीशी. ती म्हणाली, "नको, तू बस." अंधार पडेपर्यंत मी बाहेर बघत राहिले.