जलालपूरला, जोडाक्षरांशिवाय

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून मी वर्षानुवर्षे ये-जा करते. पण मिशनऱ्यांच्या ज्या ख्रिस्ती वस्तीवरून त्याला हे नाव पडले, तिथे मुद्दाम उतरले ते परवाच. ख्रिस्ती झालेल्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक २४ फेब्रुवारी १९३६ रोजी याच शहरात वारल्या. वस्तीत थोडी फिरले आणि त्यांच्या जन्मगावी, जलालपूरला जाण्यासाठी रिक्षा केली.

गोदावरीकाठच्या या गावात वराहेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. त्याच्या सावलीत बसून मी पिशवीतून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ काढले. १८६८ साली मनकर्णिका गोखले म्हणून जन्मलेल्या या मुलीचे वडील सोवळ्यापायी मीठ-साखरसुद्धा धुऊन घेत. (धुतलेल्या साखरेतले उरत काय असेल, हा प्रश्न पहिल्या वाचनापासून माझी पाठ सोडत नाही.)

१९१९ मध्ये पती रेव्हरंड नारायण वामन टिळक गेल्यावर मुलगा देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्या टिपणांतून १९३४ पासून चार भागांत आले ते आईचेच आत्मचरित्र. लिहिणाऱ्या बाईंचे जोडाक्षरांशी कधी फारसे जमले नाही. सासरी मिळालेल्या नावातच ‘क्ष्मी’ असे तीन व्यंजनांचे जोडाक्षर, पुस्तकाच्या नावात आणखी दोन. तरीही पतीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या ख्रिस्तावरील महाकाव्याचे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. त्यांचे गद्य कानाने लिहिलेले वाटते, घरात बोलावे तसे, आणि पंडिती मराठीचा गंधही त्याला नाही, याचे श्रेय मी थोडेफार या अडचणीलाही देते.

तशी अडचण स्वतःवर घेऊन पाहावी म्हणून मी वही उघडली. ‘आज नदीला पाणी कमी आहे’ ही ओळ सहज उतरली. समोर घाटावर दोन बाया कपडे धुवायला आल्या होत्या, ते लिहायला गेले आणि अडले. ‘आली’ लिहिता येते, ‘आल्या’ नाही. ‘होती’ चालते, ‘होत्या’ चालत नाही. मराठीत एकीबद्दल भूतकाळात लिहिता येते, पण दुसरी आली की जोडाक्षर आलेच. सासू, नणंदा, जावा, शेजारणी यांनी गजबजलेले ते पुस्तक मांडीवर तसेच उघडे होते. मी ओळ खोडली आणि ‘एक बाई कपडे धूत होती’ असे खोटेच लिहून वही मिटली.